बोजा बोटीवर असतो, मालकावर नाही

[दृश्य: मरीना. कॅमेरा पाण्याच्या रेषेवरून एका यॉटच्या मागच्या बाजूवर चढतो.]

बोटीच्या मागच्या बाजूला, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, सांगाड्यातच कोरलेला एक क्रमांक असतो. युरोपात बांधलेल्या बोटीवर तो 14 जागांचा. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन बांधणाऱ्या कारखान्याची, मग पाच जागा त्या बोटीच्या स्वतःच्या आणि शेवटी बांधणीचा महिना, वर्ष आणि मॉडेलचं वर्ष. अमेरिकेत 12 जागांची पद्धत आहे. हाच क्रमांक बोटीत आणखी एका ठिकाणी, सहज नजरेला पडणार नाही असा, पुन्हा कोरलेला असतो.

परदेशात यॉट बघायला गेलात, की इंजिन सुरू करायला सांगण्याआधी हा क्रमांक बघा आणि विक्रेत्याचे कागद त्याच्या शेजारी धरा. एक अक्षर जरी जुळलं नाही, तरी समाधानकारक खुलासा मिळेपर्यंत व्यवहार तिथेच थांबवायचा.

कारण समुद्री कायद्याची एक गोष्ट जमिनीवरच्या माणसाला पटकन पचत नाही. इथे कर्ज माणसाच्या मागे लागत नाही, ते जहाजाला चिकटतं.

[दृश्य: जुनी आगबोट, धूर, नदीचं मुख.]

'बोल्ड बक्लू' नावाच्या आगबोटीने इंग्लंडच्या हंबर खाडीत 'विल्यम' या गलबताला धडक दिली. भरपाई मिळण्याआधीच आगबोट विकली गेली. नव्या मालकाला त्या टकरीची कल्पनाही नव्हती, त्याने पैसे प्रामाणिकपणे मोजले होते. तरीही 1851 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ अपील न्यायसंस्थेने निकाल दिला, की टकरीचा दावा जहाजाबरोबर चालतो, ते कुणाच्याही ताब्यात गेलं तरी.

तो नियम आजही उभा आहे. खलाशांचा थकलेला पगार, बुडती बोट वाचवणाऱ्याचा मोबदला, टकरीचं नुकसान हे सगळे बोजे कुठेही न नोंदवता बोटीवर बसतात. आधीच्या मालकाने आचाऱ्याचा पगार बुडवला असेल, तर तो आचारी तुमच्या बोटीवर जप्ती आणू शकतो. अमेरिकेच्या कायद्यात इंधन पुरवणारा आणि दुरुस्ती करणारा यार्डसुद्धा असा बोजा ठेवू शकतो, इंग्लंडच्या कायद्यात त्यांचा हक्क यापेक्षा दुबळा आहे. म्हणून बोट आजवर कुठे कुठे उभी होती, हे तिच्या वयाइतकंच महत्त्वाचं. 1993 च्या आंतरराष्ट्रीय कराराने अशा बोजांना एक वर्षाची मुदत घातली, पण सगळे देश त्यात सामील नाहीत.

विक्रेता करारात लिहून देतो, 'बोट बोजारहित आहे, काही निघालं तर मी भरून देईन.' पण बऱ्याच यॉट एखाद्या कंपनीच्या नावावर असतात आणि त्या कंपनीकडे बोटीखेरीज दुसरं काहीच नसतं. बोट विकली की कंपनी रिकामी. मग त्या हमीचं करायचं काय? खऱ्या मालकाची वैयक्तिक हमी मागा, नाहीतर किमतीचा काही भाग ठरावीक मुदतीपर्यंत तिऱ्हाइताच्या खात्यात अडकवून ठेवा. विक्रेता कुरकुर करेल. करू द्या.

पाटी खरोखर कोरी होते ती सक्षम न्यायालयाने केलेल्या लिलावात. 2022 मध्ये कर्ज देणाऱ्या बँकेच्या दाव्यावरून 'ॲक्सिओमा' ही यॉट जिब्राल्टरमध्ये जप्त होऊन विकली गेली. अशा विक्रीत जुने दावे बोटीवरून उतरून लिलावाच्या पैशांवर जातात.

[दृश्य: नोंदणी कार्यालयातला उतारा. हाताचं बोट ओळीवरून फिरतं.]

नोंदणीचा कागद दाखवला म्हणजे मालकी सिद्ध झाली, असंही नाही. ब्रिटनच्या नोंदवहीत पहिल्या भागातल्या बोटीची मालकी 64 हिश्श्यांत मांडलेली असते आणि गहाणखतही तिथेच नोंदतात. तिसरा भाग 24 मीटरपेक्षा लहान बोटींसाठी आहे. तिथली नोंद मालकीचा पुरावा नव्हे आणि तिथे गहाणही दिसत नाही. दोन्ही दाखले वरवर पाहता सारखेच भारदस्त. त्यामुळे बांधणाऱ्याच्या दाखल्यापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची खरेदीखतं एकामागून एक लावून बघावी लागतात. मधली एक कडी गायब असली, तर किंमत कमी करून ती जोडली जात नाही.

झेंडा म्हणजे बोट ज्या देशात नोंदवलेली आहे तो देश, आणि त्याचा नियम सोपा आहे. 1982 च्या समुद्री कायदा करारानुसार जहाजाने एकाच देशाचा झेंडा लावायचा. सोयीनुसार दोन वापरले, तर ते कोणत्याच देशाचं नाही असं धरलं जाऊ शकतं. जुन्या नोंदणीतून नाव कमी केल्याचा दाखला हाती नसेल, तर नवी नोंदणी अडते. अमेरिकी तटरक्षक दलाच्या नोंदवहीत परदेशी नागरिकाचं नाव लागत नाही, म्हणून तिथे खरेदी करणाऱ्याला दुसरा झेंडा आधीच ठरवावा लागतो.

आता कर. युरोपीय संघात बोटीवर मूल्यवर्धित कर भरलेला आहे का, हा प्रश्न विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर सोडू नका, मूळ बीजक मागा. 'कर भरलेली बोट' हा दर्जा हातचा जाऊही शकतो. 31 डिसेंबर 2020 च्या रात्री ज्या बोटी ब्रिटनमध्ये उभ्या होत्या, त्यांचा युरोपीय संघातला दर्जा गेला, मालकाने काहीही केलेलं नसताना. संघाबाहेरचा झेंडा असलेली बोट संघाबाहेरचा रहिवासी साधारणपणे 18 महिने कर न भरता तिथे ठेवू शकतो. 16 जून 1998 पासून युरोपच्या बाजारात येणाऱ्या 2.5 ते 24 मीटरच्या बोटींना सीई चिन्ह, म्हणजे युरोपच्या सुरक्षा नियमांत बसत असल्याची खूण, सक्तीचं आहे. बाहेरून आणलेल्या बोटीवर ते नसेल, तर नव्याने तपासणी करून घ्यावी लागते, आणि ती स्वस्त नसते.

[दृश्य: करारावर सही. घड्याळ. जीपीएसचा पडदा.]

करारात विसार बहुधा 10 टक्के. तो विक्रेत्याच्या खिशात जाता कामा नये. पाहणीत किंवा समुद्रातल्या चाचणीत दोष निघाला, तर विसार कसा आणि किती दिवसांत परत मिळेल, हे आधी लिहून घ्या. वाद कोणत्या देशाच्या कायद्याने आणि कुठे सुटेल, तेही. आणि लक्षात ठेवा, पाहणी करणारा सर्व्हेअर सांगाडा आणि इंजिन तपासतो, मालकी तपासत नाही. त्यासाठी वकील वेगळा लागतो.

ताबा देताना वेळ मिनिटापर्यंत लिहितात, मोठ्या व्यवहारात अक्षांश-रेखांशही. त्या क्षणी बोट कुठल्या हद्दीत होती यावर कर ठरू शकतो, आणि त्याच क्षणापासून विमा तुमच्या नावावर चालू असायला हवा.

रेडिओचा परवानाही झेंड्याबरोबर बदलतो. संकटात उपग्रहाला हाक देणाऱ्या बीकनमध्ये जुन्या देशाचा संकेत असतो आणि नोंदीत जुन्या मालकाचा फोन. तो बदलला नाही, तर मदतीची हाक पोहोचल्यावर बचाव केंद्र चौकशीला फोन करेल तो बोट विकून मोकळ्या झालेल्या माणसाला. ताबा घेतला त्याच आठवड्यात बीकन नव्या झेंड्याच्या संकेतावर आणून तुमच्या नावावर नोंदवून घ्या.