काळी एकला बोलणारी ताटं

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलूया छोट्या खोलीत स्पीकर कोणता घ्यावा आणि कुठे ठेवावा यावर.

आमच्या घरी मांडणीवरची स्टीलची ताटं गाणं ऐकून बोलायची. सगळ्या गाण्यांना नाही हं. गायक काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून गाणारा असला आणि मागे तंबोऱ्याची खर्जाची तार वाजली, की स्वयंपाकघरातून झर्र! काळी चारच्या बाईंची तबकडी लावली, की ताटं गप्प. आईचं म्हणणं, "अरे, भांड्यांनाही आवडनिवड असते." मला मात्र घाम फुटला होता, कारण बरेच महिने पैसे साठवून मी नुकतेच कमरेएवढे उंच दोन टॉवर स्पीकर घरी आणले होते.

चूक माझीच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानात ते ऐकले, ती खोली आमच्या दोन खोल्यांएवढी होती. खाली गालिचा, भिंतींना पडदे. तिथे तबल्याचा डग्गा कसा गोल, मऊ वाजत होता! घरी आणल्यावर तोच "धा" पुढची मात्रा आली तरी संपेना.

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. आमची बाहेरची खोली आठ फूट बाय बारा फूट. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येईपर्यंत जवळजवळ ४.९ मीटर चालतो. मुंबईच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे ७० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७० कंपनं. या स्वराला दोन भिंतींमधलं अंतर नेमकं बसतं. जाणारी आणि येणारी लाट एकमेकींना मिळतात आणि तो स्वर फुगतो, थांबायला सांगितलं तरी थांबत नाही. आता गंमत बघा. काळी एकचा खर्जातला षड्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. ७० ची दुप्पट १४०, आणि मध्य षड्ज १३९ च्या जवळ. म्हणजे आमची खोलीच काळी एकमध्ये लावलेली होती! तुमची दहा फुटांची असेल तर हा आकडा ५७ च्या आसपास येईल. लांबी, रुंदी आणि उंची सारखी असलेली खोली सर्वांत वाईट, कारण तिथे तिन्ही बाजू एकाच स्वरावर तुटून पडतात.

मोठा स्पीकर ४० हर्ट्झपर्यंत खाली जातो, ते त्याच्या जाहिरातीत ठळकपणे छापलेलं असतं. पण छोट्या खोलीत तेच अंगाशी येतं. त्यात आपण जागा वाचवायला तो भिंतीला टेकवतो. मागे भिंत असली की बेस, म्हणजे खालचे स्वर, सहा डेसिबलपर्यंत (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) वाढू शकतो, कोपऱ्यात त्याहून जास्त.

हा प्रश्न आधी भेडसावला तो आम्हा रेडिओवाल्यांनाच. १९७० च्या दशकात बीबीसीला बाहेरच्या ध्वनिमुद्रणासाठी गाडीत बसेल असा स्पीकर हवा होता. गाडीत जागा किती? त्यांच्या अभियंत्यांनी जेमतेम एक फूट उंचीची पेटी केली, नाव ठेवलं एलएस थ्री फाइव्ह ए. पाठीमागे भोक नाही, पेटी पूर्ण बंद. खालचा बेस तिच्यात जवळजवळ नाहीच, पण माणसाचा आवाज असा, की निवेदक समोर बसलाय असं वाटावं. अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन ती बनवली आणि आजही तिच्यासाठी लोक वेडे होतात.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. बुकशेल्फ प्रकारचा, म्हणजे फडताळावर मावेल असा छोटा स्पीकर घ्या, वूफर (खालचे स्वर वाजवणारा पडदा) चार ते साडेपाच इंचांचा. बंद पेटी मिळाली तर उत्तम. मागे पोर्ट, म्हणजे भोक, असेल तर त्यात फोमचा बोळा बसवून बघा, फोम नसेल तर जुना मोजा चालतो. हसू नका, बेस खरंच आवरतो. सबवूफर, म्हणजे फक्त बेससाठीची वेगळी पेटी, सध्या नको. शेजारच्या काकूंचं आणि तुमचं मधुर नातं त्यावर अवलंबून आहे, कारण चाळीच्या भिंतीतून आरपार जातो तो बेसच.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. साधारण स्पीकर एका वॅटमध्ये, एक मीटरवर ८६ डेसिबल देतो. आपण बसतो दोन मीटरवर. तिथे एक-दोन वॅटमध्येच घर भरतं. आवाज तीन डेसिबलनं वाढवायला वॅट दुप्पट लागतात, म्हणून शंभर वॅटचा अँप्लिफायर (स्पीकरला ताकद पुरवणारं यंत्र) पन्नासच्या दुप्पट मोठा वाजत नाही. पंचवीस-तीस वॅटचा चांगला अँप्लिफायर पुरतो.

खरी मेहनत मांडणीची. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घ्या. मग डग्ग्याची एखादी ओळखीची तबकडी लावा आणि स्पीकर चार-चार बोटं मागेपुढे करत ऐका. एका जागी डग्गा मोकळा होतो, ते कानाला लगेच कळतं. तुम्ही मागच्या भिंतीला पाठ लावून बसू नका, तिथे बेस साचतो. खोलीच्या नेमक्या मध्यावरही नको, तिथे काही स्वर गायबच होतात. मागच्या भिंतीपासून लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यावर बसून बघा. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीला हवा. बाजारातले दोन फुटी स्टँड सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी असतात. आपली भारतीय बैठक असेल तर दीड फुटाचा स्टँड सुताराकडून करून घ्या.

भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवणाऱ्यांना माझा नमस्कार. त्या ट्रेंनी बेसला काहीही होत नाही. ७० हर्ट्झची लाट पाच मीटर लांब, ती इंचभर जाडीला काय जुमानणार! पुस्तकांचं कपाट आणि गादी-गोधड्यांचा ढीग वरच्या स्वरांची टणटण कमी करतो, तेवढं पुष्कळ.

चोरबाजारातून जुना स्पीकर घेणार असाल, तर वूफरच्या कडेची गोल पट्टी बोटानं हलकेच दाबून बघा. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत तिचा भुगा होतो. रबराची जास्त टिकते.

टॉवर मी एका मित्राला दिले, त्याचा हॉल मोठा आहे. आता आमच्याकडे छोटी जोडी आहे आणि ताटं गप्प आहेत. फक्त भाद्रपदात पंचाईत होते. मखर नेमकं स्पीकरच्या जागी बसतं, त्यामुळे दहा दिवस स्पीकर कपाटावर. म्हणून फरशीवर स्टँडच्या चारही पायांशी चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या आहेत. आई लादी पुसताना त्या खुणांना वळसा घालून पुसते.