हलकं चाक घ्यायचं की हवा कापणारं?

समोर सायकलची दोन चाकं आहेत बघा. डावीकडच्या चाकाची रिम जेमतेम २५ मिलीमीटर उंच, उचलून बघितलं तर हातात काही आहे असंच वाटत नाही. उजवीकडची रिम ६० मिलीमीटर, कार्बनचीच आहे पण उचलल्या उचलल्या कळतं. जोडीत म्हणाल तर साधारण ३०० ग्रॅमचा फरक. आणि बहुतेकांचा निर्णय इथेच होऊन जातो, कारण वजन हाताला कळतं, हवेचं काय ते हाताला कळत नाही.

आता जरा मागे जाऊ. २५ ऑक्टोबर १९७२, मेक्सिको सिटी. बेल्जियमचा एडी मर्क्स ट्रॅकवर एका तासात ४९.४३१ किलोमीटर मारतो. सायकल सहा किलोच्या आत, ग्रॅम वाचवायला चेनला सुद्धा भोकं पाडलेली. मग येतो जानेवारी १९८४, शहर तेच, या वेळी इटलीचा फ्रांचेस्को मोझर, आणि त्याची दोन्ही चाकं थाळीसारखी पूर्ण बंद, एक स्पोक दिसत नाही, सायकल मर्क्सच्या सायकलपेक्षा जड. १९ तारखेला ५०.८०८ किलोमीटर, चारच दिवसांनी ५१.१५१. सगळं श्रेय चाकांना देऊ नका हं, बसायची पोझिशन बदलली होती, अंगाला चिकटलेला सूट होता, मधे बारा वर्षं गेली होती. पण जड सायकलने हलक्या सायकलचा रेकॉर्ड मोडला, तेव्हापासून चाकाकडे बघायची नजरच बदलली.

का ते या स्लो मोशनमधे दिसेल. टायरचा जो भाग आत्ता रस्त्याला टेकलाय तो त्या क्षणाला थांबलेला असतो, आणि सगळ्यात वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो, म्हणजे तुम्ही ३५ च्या स्पीडने चाललाय तर टायरचा माथा ७० ने हवेत घुसतोय. त्याच्या लगेच खाली असतात स्पोक, प्रत्येक स्पोक हवा ढवळत जातो. रिम उंच केली की स्पोक आखूड होतात, आणि त्यांचा जो भाग सगळ्यात जोरात हवा ढवळत होता तोच रिममधे झाकला जातो. उंच रिमचा फायदा बराचसा इथे आहे.

आणि हवा हिशेबाला फार कडक. स्पीड दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. म्हणून २० ने निवांत चालवणाऱ्याला डीप, म्हणजे उंच रिमचा फरक फारसा पडत नाही, ३५-४० ने खेचणाऱ्याला चांगलाच पडतो.

मग वजनाचं काय? करूया हिशोब. रायडर, सायकल, बाटल्या सगळं मिळून ८० किलो धरा, आठ टक्क्यांचा चढ, स्पीड ताशी १२. चाकातले ३०० ग्रॅम कमी केले तर वाचतो एक वॅट, तोही पूर्ण नाही. तासाभराच्या चढावर दहा-बारा सेकंद. ज्याला रेस जिंकायची आहे त्याला दहा सेकंद म्हणजे खूप झाले, पण त्याची सायकल तशीही ६.८ किलोच्या खाली जाऊ शकत नाही, यूसीआयचा, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा, नियमच आहे २००० सालापासूनचा. आणि ते "चाकातला एक ग्रॅम म्हणजे फ्रेममधले दोन" जे सगळे सांगत असतात ना, ते खरं आहे पण फक्त स्पीड वाढवताना, आणि ते सुद्धा रिम-टायरच्या वजनाबद्दल, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, नाही. एकसारख्या स्पीडने चढताना ग्रॅम चाकात आहे की बाटलीत, चढाला काही फरक पडत नाही.

तरी हलकं चाक उगाच बदनाम करायला नको. सारखे वळणाचे तीव्र चढ, स्पीड पंधराच्या खाली, प्रत्येक वळणावर उठून परत जोर लावायचा, तिथे हलकं चाक पायाला छान वाटतं, आणि छान वाटण्याला पण किंमत आहे असं माझं मत.

खरी अडचण वाऱ्याची. बाजूने झोत आला की उंच रिम शिडासारखी वारा पकडते. मागचं चाक फ्रेममधे पक्कं बसलेलं असतं त्यामुळे तिथे फार काही होत नाही, पण पुढचं चाक हँडलला जोडलेलं, झोत आला की हँडलच वळायला बघतं. सतत एकसारखा वारा असेल तर माणूस सावरून घेतो, त्रास होतो तो अचानक येणाऱ्या झोताचा, ट्रक बाजूने गेला किंवा भिंत संपली की. वजनाने कमी असलेल्या रायडरला हे जास्त जाणवतं, आणि उतारावर घाबरून ब्रेक दाबत बसलात तर वाचवलेले सगळे वॅट तिथेच गेले. म्हणून पुढे ४०-४५ आणि मागे ६० अशी जोडी बरेच जण लावतात, मला विचाराल तर एकच सेट घेणाऱ्यासाठी हाच शहाणपणाचा सौदा, किंवा मग दोन्हीकडे ४५-५०.

आता टायर, कारण इथे लोक पैसे घालवतात. रिम एरो, म्हणजे हवा कापणारी, आहे पण टायर तिच्यापेक्षा फुगलेला असेल तर हवा टायरवरून सुटते ती रिमला धरून राहतच नाही. जुना ठोकताळा असा की रिमची बाहेरची रुंदी टायरच्या १०५ टक्के तरी हवी, २८ मिलीमीटर रुंदीच्या टायरला साडेएकोणतीसच्या आसपास. आणि टायरवर छापलेल्या २८ वर जाऊ नका, रुंद रिमवर तोच टायर ३० भरू शकतो. हवा भरून, रात्रभर ठेवून, मग कॅलिपर, म्हणजे रुंदी मोजायची पट्टी, लावा.