मिठाशिवाय मुरलेली भाजी

(दृश्य : पत्र्याचं छप्पर, त्यावर पसरलेली हिरवी पानं. खाली अंगणात कोंबड्या.)

काठमांडूहून अरनिको महामार्गाने निघालं आणि धुलिखेल मागे टाकलं, की रस्ता पांचखालच्या खोऱ्यात उतरायला लागतो. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि एका शेताच्या कडेला हे घर. महिना पुस. आपल्या पौषाचाच भाऊ, फक्त नेपाळचं पंचांग सौर असल्यामुळे तो दरवर्षी संक्रांतीच्या तोंडावर संपतो. सकाळचं धुकं नऊ-दहापर्यंत हलत नाही. हललं, की उत्तरेला बर्फाची शिखरं उघडी पडतात आणि आमचा कॅमेरा आपसूक तिकडे वळतो. घरातल्या आमा मात्र शिखरांकडे पाठ करून छपराकडे बघतायत. पानं पुरेशी कोमेजली की नाही, एवढाच त्यांचा आजचा प्रश्न आहे.

आमा म्हणजे आई. गावात सगळेच त्यांना आमा म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

छपरावर आहे तो रायोचा साग. मोहरीच्या जातीची पालेभाजी, एका पानाने ताट झाकावं एवढी मोठी. रोप उपटायचं नाही. खालची, बाहेरची पानं खुडायची आणि गाभा राखायचा, म्हणजे थोड्या दिवसांनी पुन्हा खुडता येतं. हिवाळाभर हे चालतं, आणि तिथेच पंचाईत होते. सकाळी साग, रात्री साग. शेजारणीला द्यावा, तर तिच्याही वाफ्यात सागच. आणि हेच घर उन्हाळा लागला की हिरव्या पानाला महाग होणार असतं.

म्हणून या पानांचं गुन्द्रुक करायचं, म्हणजे पानं आंबवून वाळवायची.

(दृश्य : आमांची मूठ. मूठ उघडते. पान तसंच दुमडलेलं.)

ही परीक्षा बघून ठेवा. पान मुठीत दाबायचं आणि सोडायचं. ते परत ताठ होऊ लागलं तर अजून एक दिवस छपरावर. ओल्या फडक्यासारखं पडून राहिलं, तर उखळात.

उखळात पानांच्या चिंध्या करायच्या नसतात. देठ फुटले पाहिजेत आणि रस सुटला पाहिजे. तो सुटला की आख्ख्या अंगणात एक वास भरतो. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकाच्या शेंड्यापर्यंत चढतो ना, तोच.

मग बरणी. पूर्वी मातीचं मडकं असायचं. आमांकडे रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी आहे, झाकण दुसऱ्याच कुठल्यातरी बरणीचं. एक मूठ पानं टाकायची आणि लाकडी मुसळाच्या टोकाने ठासायची. पुन्हा मूठ, पुन्हा ठासणं. दोन टोपल्या पानं त्या एका बरणीत जातात, आणि हे डोळ्यांनी बघूनही पटत नाही. या ठासण्याला नेपाळीत ‘खाँद्नु’ म्हणतात. शब्द स्वयंपाकघराबाहेरही फिरतो. काठमांडूच्या मायक्रोबसमध्ये श्वास घ्यायला जागा उरली नाही, की लोक म्हणतात, गुन्द्रुकासारखं खाँदलंय. सकाळची चर्चगेट फास्ट पकडणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

शेवटी तोंडाशी पानांचाच घट्ट बोळा, आणि बरणी थाळीत उपडी. जास्तीचा रस हळूहळू थाळीत झिरपत राहतो. जागा चुलीजवळची, उबेची.

आता तुमचं काय होतंय, ते मला ठाऊक आहे. आपण मघापासून एका गोष्टीची वाट बघतोय. मी शेवटी विचारलंच, “आमा, नुन?”

आमांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चहात हळद घालायला सांगतोय.

“नुन किन हाल्ने?”

मीठ कशाला घालायचं?

(दृश्य : उपडी बरणी. थाळीत हिरवट-पिवळं पाणी.)

जर्मनीची आंबवलेली कोबी घ्या, कोरियाची किमची घ्या, आपली लोणची घ्या. सगळीकडे राखण मिठाचीच. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं आणि कुजवणाऱ्या जंतूंना जवळ येऊ देत नाही. गुन्द्रुकात ही दोन्ही कामं हातांनी केलेली असतात. छपरावरच्या दोन दिवसांत पानांतलं पाणी कमी झालं. उखळात पेशी फुटून आतली साखर बाहेर आली. ठासल्यामुळे हवा गेली, आणि हवेवर जगणारी बुरशी उपाशी राहिली. उरले ते पानांवर आधीपासूनच बसलेले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू, दही लावणाऱ्यांचेच भाऊबंद. ते साखर खातात आणि आंबट करतात. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत पीएच ४ च्या आसपास उतरतो. एवढ्या आंबटात कुजवणाऱ्यांचा टिकाव लागत नाही.

नेपाळला समुद्र नाही. डोंगरातल्या गावांना मीठ दोन वाटांनी यायचं. दक्षिणेकडून भारतातलं, आणि उत्तरेकडून तिबेटच्या खाऱ्या सरोवरांचं. हे तिबेटी मीठ याक, खेचरं, शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवरून हिमालयाच्या खिंडी ओलांडून यायचं आणि धान्याच्या मापाने बदललं जायचं. काली गण्डकीच्या खोऱ्यातल्या थकाली जमातीच्या व्यापाऱ्यांचा या मिठावर मोठा जम होता. तुकुचे गावातले त्यांचे भक्कम दगडी वाडे त्याच पैशाचे. पुढे तिबेटची वाट आटली आणि भारतातलं मीठ वर चढू लागलं. १९६३ मध्ये सॉल्ट ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झालं, ते हे मीठ देशभर पोहोचवायला. धान्य मोजून मीठ घ्यायचं, अशा मुलखातली ही बरणी आहे. तिच्यात चिमूटभरही मीठ पडत नाही.

माझी फजिती सांगून टाकतो. मागच्या वर्षी पुण्यात मी मुळ्याच्या पाल्याचं गुन्द्रुक घालून पाहिलं. मुळ्याचा पाला चालतो, फ्लॉवरची पानंही चालतात. पण घाईत मी पानं सुकवलीच नाहीत. तशीच ओली चिरली, बरणीत भरली, आणि हात सवयीने मिठाच्या डब्याकडे गेला. चौथ्या दिवशी बरणी उघडली तेव्हा वरचा थर बुळबुळीत झाला होता, आणि शेजारच्यांनी गॅस लीक झालाय का म्हणून दार वाजवलं. कुजणं आणि मुरणं यांत अंतर किती, तर छपरावरचे दोन दिवस.

(दृश्य : दहावा दिवस. बोळा निघतो.)

हिरवा रंग गेलाय. शेवाळी-पिवळा झालाय. वास आंबट, पण ताकासारखा स्वच्छ. आमा एक देठ तोडून चघळतात, मान हलवतात आणि बरणी सुपात रिकामी करतात. आता पुन्हा छप्पर. तीन-चार दिवसांच्या कडक उन्हात हा ओला गोळा तपकिरी, चुरचुरीत, जवळजवळ वजनच नसलेला होतो. टोपलीभर तंबाखू कोणी छपरावर विसरलाय, असं वाटावं. या उन्हात पानांतलं कॅरोटिन बहुतेक सगळं उडून जातं, हेही सांगायला हवं. गुन्द्रुक खाऊन ताज्या भाजीची सगळी भरपाई होते, असं नाही. पण कोरडं ठेवलं तर ते वर्षभर टिकतं.

आपल्याकडे हा मार्ग अनोळखी नाही. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून आंबवतो, चीक काढतो, शिजवतो आणि मग गच्चीवर ऊन दाखवतो. आधी आंबवायचं, मग वाळवायचं. फक्त पालेभाजीच्या बाबतीत हे आपल्याला सुचलं नाही.

मुळ्याच्या कंदाचं करतात त्याला सिन्की म्हणतात. ती जमिनीतल्या खड्ड्यात, पेंढ्याच्या अस्तरात महिनाभर पुरून ठेवतात. बांबूचे कोंब आंबवले की तामा. आलु, तामा आणि बोडी म्हणजे चवळी, यांची आमटी काठमांडूत कुठेही मिळेल. पण आज चुलीवर गुन्द्रुकच आहे, आणि ते मागच्या हिवाळ्यातलं.

(दृश्य : लोखंडी कढई. तडतड.)

आधी भटमास. भटमास म्हणजे सोयाबीन. आपल्याकडे लातूर-वाशिमचं सोयाबीन ट्रॉलीत बसून तेलगिरणीच्या वाटेला लागतं. इथे ते भातखाचरांच्या बांधांवर लावतात, घरापुरतं. कोरड्या कढईत भाजलं की साल तडकतं आणि दाण्यावर काळे ठिपके येतात. आमा मधूनमधून दोन दाणे तोंडात टाकतात. शिजलंय का बघायला, असं त्या म्हणतात. भाजून होईपर्यंत त्यांनी मूठभर तरी खाल्ले असावेत.

तेवढ्यात दोन मुठी गुन्द्रुक कोमट पाण्यात पडलंय. दहा मिनिटांत ते फुगतं आणि पिळून बाजूला ठेवलं जातं. पिळलेलं पाणी ओतून देत नाहीत. त्यात अर्धी चव आहे.

कढईत तोरीचं तेल, म्हणजे मोहरीचंच. धूर निघेपर्यंत तापवायचं, नाहीतर उग्र लागतं. मग मेथीदाणे, आणि इथे माझा जीव वरखाली होतो, कारण आमा ते काळे होऊ देतात. आपल्या घरात अशी फोडणी दिली तर जळली म्हणून कढई घासायला टाकतील. इथे तो काळा कडूपणा हवाच असतो. मागोमाग सुकी खुर्सानी म्हणजे मिरची, कांदा, सिलौटोवर म्हणजे पाट्यावर ठेचलेलं आलं-लसूण, हळद. मग बटाट्याच्या फोडी.

आता जरा थांबा, कारण चूक होते ती इथे. गुन्द्रुक आत्ता घालायचं नाही. आंबटात बटाटा लवकर शिजत नाही, तासभर उकळला तरी मधे कचकच राहते. आमा बटाट्यावर झाकण ठेवतात, अर्धा शिजवतात, बोटाने दाबून बघतात आणि मगच गुन्द्रुक टाकतात. ते तेलात परततं, खमंग वास सुटतो, मग टोमॅटो, मग ते राखून ठेवलेलं पाणी आणि वरून तांब्याभर साधं पाणी. उकळी आली की भाजलेले भटमास.

आणि सगळ्यांत शेवटी, डब्यातून दोन बोटांची चिमूट. एवढ्या सगळ्या खटाटोपात मीठ पहिल्यांदा दिसतंय ते आत्ता. आमा पळीभर झोल, म्हणजे रस्सा, माझ्या तळहातावर ओततात.

“नुन पुग्यो?”

पुरलं मीठ?

चव येते ती उशिरा. आधी मेथीचा कडवटपणा, मग भटमासाचा भाजका वास, आणि घोट खाली गेल्यावर जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात आंबट. चिंचेचं नाही, टोमॅटोचं नाही. दिसायला म्हणाल तर काही नाही. मळकट तपकिरी पाणी आणि त्यात बुडालेली पानं. आमचे कॅमेरावाले दादा वीस मिनिटं उजेड शोधत होते, मग त्यांनी कॅमेरा ठेवला आणि वाटी घेतली.

(दृश्य : दुसऱ्या चुलीवर ढिँडो. लाकडी दाबिलो गरगर फिरतोय.)

सोबत ढिँडो. उकळत्या पाण्यात कोदोचं पीठ टाकून घोटायचं, हात दुखेपर्यंत. नावावरून फसू नका, नेपाळीतला कोदो म्हणजे आपली नाचणी. ढिँडो चावत नाहीत. लहानसा गोळा तोडायचा, झोलात बुडवायचा आणि गिळायचा. मी चावला, आणि आमांची नात हसून लोळली.

‘ढिँडो-गुन्द्रुक’ हा जोडशब्द नेपाळीत बरीच वर्षं गरिबीसाठी वापरला गेला, आपल्याकडे मीठ-भाकरी म्हणतात तसा. घरी पाहुणा आला की भात शिजायचा आणि हे मागे ढकललं जायचं. आता काठमांडूच्या हॉटेलांत थकाली खान्याच्या काशाच्या ताटात गुन्द्रुकाची वाटी मानाने बसते. ज्यांच्या वाडवडिलांनी मीठ विकून वाडे बांधले, त्यांच्या नावाच्या ताटात ही बिनमिठाची भाजी. दुकानांत पाकिटंही मिळतात. पाकिटातलं मी खाऊन पाहिलंय. पानं बारीक चिरलेली असतात आणि देठ नसतात. देठ नसलेलं गुन्द्रुक म्हणजे बाठ नसलेलं आंब्याचं रायतं. खाता येतं, पण चोखणार काय?

(दृश्य : लाल माती, आंब्याची झाडं. मोहोर.)

हे रत्नागिरी आहे. दर वर्षी पावसाळा सरला की नेपाळमधून हजारो माणसं कोकणातल्या आंबा बागांत राखणीला, फवारणीला येतात आणि पुढचा पाऊस पडायच्या आत परततात. काहींची बायका-मुलंही सोबत असतात. एका बागेतल्या मांगरात आम्ही गेलो तेव्हा चुलीवर झोल होता. प्लास्टिकच्या पिशवीतलं गुन्द्रुक घरून आलेलं, भटमास नाक्यावरच्या किराणा दुकानातले. तीन दिवसांच्या रेल्वे-बसच्या प्रवासात त्या पिशवीने ओझं वाढवलं नव्हतं आणि ती सांडलीही नव्हती.

पेट्या मोजायला बागेचे मालक आले आणि दारातच थबकले.

“काय शिजवलंस रे? वास कसला?”

“साग आहे, शेठ. घरचा.”

शेठनी बराच वेळ पातेल्यात बघितलं. मग वाटी पुढे केली, एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली.

“सोलं घातलीस?”

“नाही शेठ. पानाचंच आंबट आहे ते.”

शेठनी वाटी परत पुढे केली.