निशोत्तर आणि गार्सिया द ओर्ता

(दृश्य : ठाण्याची खाडी, भरतीची वेळ)

सप्टेंबर १५३४. मार्तिम अफोंसो द सोझाच्या ताफ्यातून एक पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला. गार्सिया द ओर्ता. घराणं ज्यू, सक्तीनं ख्रिस्ती झालेलं. त्याच डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहानं तहात वसई पोर्तुगीजांना दिली. वसईबरोबर ठाण्यासह साष्टी आणि मुंबईही गेली.

ओर्ता मायदेशी परतला नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्यानं उपचार केले, औषधांचा व्यापार केला, मुंबई बेट खंडानं घेतलं. १५६८ मध्ये गोव्यात वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशननं, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयानं, त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली.

(दृश्य : जुन्या ग्रंथाचं पान)

इथल्या औषधांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ चा, गोव्यात छापलेला. रचना संवादाची : रुआनो हा कल्पित वैद्य ग्रीक-अरबी ग्रंथांचे दाखले देतो, ओर्ता इथं पाहिलेलं सांगतो. युरोपात औषध पोहोचायचं ते सुकून, तुकडे होऊन, दहा हातांतून. त्यावरून झाड कसं कळणार? ओर्तानं हकिमांना, वैद्यांना, व्यापाऱ्यांना विचारलं. झाड उगवतं कुठं, वापरतात काय, नावं किती, सगळं टिपलं.

त्यातलं एक प्रकरण तुर्बितचं, म्हणजे आपल्या निशोत्तराचं, ज्याचं मूळ जुलाबाचं औषध म्हणून वापरतात त्या वेलीचं.

(दृश्य : कुंपणावर चढलेली वेल)

पाऊस सरला की ही वेल नीट ओळखता येते. खोडाला तीन धारा, फुलं पांढरी, नरसाळ्यासारखी. औषध मुळाच्या सालीत, कारण रेचक राळ तिथंच असते. म्हणून मूळ उभं चिरून आतला लाकडी गाभा काढून टाकायचा. चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम, तीही वैद्याच्या देखरेखीखाली. जास्त झालं तर मुरडा आणि जुलाब आवरत नाहीत. गर्भवतीला देऊ नये.

खरी अडचण बाजारात. मुळांत खोडाचे तुकडे मिसळलेले असतात. रुईच्या कुळातल्या एका वेलीचं मूळही ‘पांढरं निशोत्तर’ म्हणून खपतं. सुकल्यावर नुसत्या नजरेनं फरक सांगणं अवघड. त्यामुळे मूळ खणायचं ते वेलीवर फुलं असतानाच. ओळख पटवायला त्याच वेलीची पानाफुलांसह फांदी वर्तमानपत्रात दाबायची. खाडीच्या दमट हवेत कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर बुरशी धरते आणि पाकळ्या काळ्या पडतात. चिठ्ठीवर जागा, तारीख, फुलांचा ताजा रंग आणि स्थानिक नाव लिहायचं. हीच चिठ्ठी मुळाच्या पिशवीलाही बांधायची.