पाणी उतरल्यानंतरची कृष्णा

सांगलीत जुलै-ऑगस्ट आला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : आयर्विनला पाणी किती फुटांवर आहे? १९२९ साली बांधून झालेल्या या पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने ५७ फुटांची रेषा गाठली, तेव्हा निम्म्या शहराने सामान माळ्यावर चढवून रात्री जागून काढल्या. दिवाळी सरली की हा प्रश्न कोणी विचारत नाही. पौषातील या रविवारी सकाळी साडेसहा वाजता पुलापाशी जमलेली ही मंडळी मात्र नेमकी याच दिवसांत नदीकडे येतात.

या गटात एक निवृत्त शिक्षक आहेत, मार्केट यार्डातील एक हिशेबनीस आहेत, दोन परिचारिका आहेत आणि महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आपल्या आजीला घेऊन आली आहे. गटाचा नियम एकच : सर्वांत हळू चालणाऱ्याने सर्वांच्या पुढे राहायचे. आजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली असल्याने आजची चाल त्या ठरवतील, आणि पुलापासून हरिपूरच्या संगमापर्यंतची ही चार-पाच किलोमीटरची वाट त्यांच्या गतीनेच पार पडेल.

पाण्यावर धुक्याचा पातळ थर आहे. कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते, आणि पावसाळा संपल्यावर सांगलीपर्यंत नदी वाहती राहते ती बऱ्याच अंशी त्यावरच. घाट मागे पडले की उजव्या हाताला नदी आणि डाव्या हाताला शेते, अशी वाट सुरू होते. सूर्य डावीकडून वर येत असल्याने चालणाऱ्यांच्या लांबलचक सावल्या पाण्याच्या दिशेने पडतात. काठावरच्या ओल्या दगडांवर धोबी पक्षी शेपटी हलवीत फिरतो, आणि कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत थांबून मग सरळ खाली सूर मारतो.

एका बाभळीपाशी सर्वजण थांबले. तिच्या वरच्या फांद्यांत वाळलेले गवत, चिंध्या आणि खताच्या पोत्याचा एक तुकडा अडकलेला आहे. मुलीने टाचा उंचावून हात वर केला, तरी तो त्या पोत्यापर्यंत पोहोचला नाही. पाणी इथवर आले होते, एवढेच आजी म्हणाल्या. बातम्यांतील फुटांचे आकडे आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. परंतु कोरड्या काठावर उभे राहून आपल्या डोक्याच्या वर अडकलेला तो तुकडा पाहिल्यावाचून त्या आकड्यांची उंची खऱ्या अर्थाने कळत नाही, असे आम्हाला मनापासून वाटते.

त्याच पुराने आणून टाकलेल्या गाळावर पुढची शेते उभी आहेत. नदीकाठच्या या जमिनीला येथे मळी म्हणतात, आणि कृष्णाकाठच्या वांग्यांची ख्याती या मळीचीच आहे. भोगी चार दिवसांवर आल्याने तोडणीची लगबग आहे. शेतकऱ्याने पाटीतून एक वांगे काढून पुढे केले : दवाने ओले, जांभळ्या सालीवर पांढरट रेघा आणि हिरव्या देठावर बारीक काटे. "आजी, देठाला धरू नका, काटा लागंल," असे म्हणत त्याने ते स्वतःच त्यांच्या पिशवीत ठेवले. पैसे त्याने घेतले नाहीत.

चिंचेच्या झाडांची सावली असलेला रस्ता हरिपुरात शिरतो. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे हे गाव. तथापि हिशेबनीस काकांना येथे बोलावेसे वाटते ते पेवांविषयी. हरिपूरच्या मातीचा गुण असा की जमिनीत खोल खणलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षे किडीवाचून टिकते. तोंड अरुंद आणि पोट रुंद अशा या पेवात हळद भरून वरून मातीने बंद केली जाते. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. आतील कोंडलेली हवा जीवघेणी असते, म्हणून आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडत. तो विझला नाही, तरच माणूस उतरे. २००५च्या महापुराचे पाणी या पेवांत शिरले आणि अनेक पेवे कायमची निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा काकांना अभिमान आहे. परंतु ज्या पेवांनी तिचा बाजार उभा केला, त्यांपैकी उरलेली तरी जपली जावीत, हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला.

संगमेश्वराच्या देवळामागच्या पायऱ्यांवर सर्वजण टेकले. समोरून वारणा येऊन कृष्णेला मिळते. भडंगाची पुडी उघडली गेली, थर्मासमधला चहा फिरला, आणि आजींनी चपला काढून पाय पाण्यात सोडले.

पुढच्या रविवारी औदुंबर-भिलवडीकडे जायचे ठरले आहे. थंडीच्या दिवसांत तेथील मगरी ऊन खायला काठावर येऊन पडतात, म्हणून तेथे पाण्यापासून दूर, वरच्या बांधावरूनच चालायचे, असे शिक्षकांनी सर्वांना बजावले. आजींनी विचारले, "पुढं मीच ना?"