पुरस्काराची फाइल कशी वाचतात

[दृश्य: रत्नागिरी. पत्र्यावर पाऊस. बैठकीच्या खोलीत लांब टेबल, त्यावर फायलींची चळत.]

आंब्याचा हंगाम आटपलाय, बोटी किनाऱ्याला लागल्यात. बागेत आणि समुद्रावर काम करणारी माणसं एका खोलीत गाठायची, तर कोकणात हाच मोसम. टेबलावर अकरा प्रस्ताव आहेत. तरुण संशोधकासाठीचा पुरस्कार एकच, आणि तो ठरवणारे पाच जण.

निम्मं काम या बैठकीआधीच झालेलं असावं लागतं. प्रस्ताव सदस्यांच्या हाती निदान तीन आठवडे आधी पडायला हवेत. त्याआधी कार्यालयाची चाळणी. वय कोणत्या तारखेला मोजायचं, हे जाहिरातीत छापलेलं नसेल तर वाद ठरलेलाच. बाळंतपणाच्या रजेइतकी वयात सूट मिळणार का, तेही तिथेच लिहायचं. अर्ज उघडल्यावर ठरवलं, तर ती कुणा एकीवर केलेली मेहेरबानी दिसते.

मग हितसंबंधांचं पत्रक. अर्जदाराचा मार्गदर्शक कोण होता, गेल्या पाच वर्षांत कुणासोबत शोधनिबंध लिहिला, कोण नात्यात आहे, हे प्रत्येक सदस्य लिहून देतो. इथलं विषयांचं जग लहान. कुणी ना कुणी कुणाचा तरी विद्यार्थी निघतोच. म्हणून सदस्याला समितीतूनच काढत नाहीत. त्या एका फाइलला तो गुण देत नाही आणि तिची चर्चा सुरू झाली की खोलीबाहेर जातो. गप्प बसून राहणं पुरत नाही, कारण तो समोर असला की बाकीच्यांची जीभ अडखळते.

[दृश्य: उघडी फाइल. कापलेल्या हापूसचा फोटो. गरात पांढरट, भुसभुशीत डाग.]

ही फाइल हापूसमधल्या साक्याची, म्हणजे गर आतून असा भुसभुशीत होण्याच्या दोषाची. दावा असा, की एका फवारणीने साका कमी झाला. आलेख देखणे आहेत आणि शिफारसपत्र तर भरभरून कौतुक करणारं. पण शिफारसपत्रं बहुतेक सगळीच तशी असतात, त्यांवरून निवड होत नाही.

साका बाहेरून दिसत नाही, फळ कापावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न: फळं किती कापली, आणि ती किती झाडांची? एकाच झाडाची शंभर फळं म्हणजे शंभर पुरावे नव्हेत. न फवारलेली झाडं त्याच बागेत, त्याच उतारावर होती का? सगळ्यात महत्त्वाचं, दोन्हीकडची फळं सारखीच तयार असताना उतरवली का? चौदा आणे तयार, म्हणजे सोळा आणे पूर्ण पक्व होण्याच्या जरा आधी उतरवलेल्या फळात साका कमी आढळतो, झाडावर पुरतं पिकू दिलेल्या फळात जास्त. फवारलेली झाडं आठवडाभर आधी उतरवली असतील, तर श्रेय फवारणीचं की तोडणीचं?

शिवाय हापूस वर्षाआड धरतो. एका हंगामाच्या आकड्यांवर भिस्त ठेवता येत नाही, आणि चार हंगाम थांबणाऱ्याच्या नावावर शोधनिबंध कमीच असणार. निबंधांची नुसती संख्या मोजणारी समिती नेमक्या याच माणसाला मागे टाकते. म्हणून अर्जदाराकडून तीनच निबंध मागवावेत आणि ते पूर्ण वाचावेत.

[दृश्य: गुणतक्ता. पेन्सिलीने केलेली बेरीज.]

बेरजेत फसगत होते ती अशी. समजा, तीनच सदस्य गुण देताहेत. एक सढळ हाताचा. पहिल्या प्रस्तावाला ९०, दुसऱ्याला ६० देतो. उरलेले दोघे हात राखून. पहिल्याला ७० आणि ७१, दुसऱ्याला ७६ आणि ७८. बेरीज २३१ विरुद्ध २१४. तिघांपैकी दोघांना दुसरा सरस वाटला, तरी जिंकला पहिला! यावर उपाय सोपा आहे. आधी प्रत्येक सदस्याने लावलेला प्रस्तावांचा क्रम मांडायचा, गुण फक्त चर्चेला आधार. आणि चर्चेत सर्वांत धाकट्या सदस्याने आधी बोलायचं. अध्यक्षांनी तोंड उघडलं की बाकीचे त्यांच्याच सुरात बोलू लागतात. ही चूक सर्रास होते, आणि ती टाळायला एक पैसाही लागत नाही.

श्रेयाचा गुंता याहून अवघड. निबंधावर सहा नावं असतील, तर प्रयोग कुणी आखला, नोंदी कुणी घेतल्या, हिशेब कुणी केला, हे सगळ्यांच्या सह्यांनिशी मागवावं. नावांच्या क्रमावर विसंबू नये. गणितात नावं बहुधा आडनावांच्या वर्णक्रमाने लागतात, तर जीवशास्त्रात शेवटचं नाव बहुधा प्रयोगशाळाप्रमुखाचं.

[दृश्य: विजयदुर्ग. साहेबाचे ओटे, मागे खवळलेला समुद्र.]

श्रेय वाटण्याचं एक जुनं उदाहरण इथे आठवतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी आणि हेलियमच्या शोधाशी हे ओटे जोडले जातात. पण त्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन होते गुंटूरला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर इंग्लंडमध्ये. ग्रहण नसतानाही सूर्यकडेच्या ज्वालांचा वर्णपट पाहता येतो, हे दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं. त्यांचे अहवाल पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आले. फ्रान्सने काढलेल्या पदकावर दोघांचेही चेहरे आहेत. तारखा कागदावर होत्या, म्हणून श्रेय वाटता आलं. समिती प्रयोगवही मागते ती याचसाठी.

[दृश्य: पुन्हा खोली. इतिवृत्त लिहिणारा हात.]

इतिवृत्तात निवडलेल्या नावामागचं कारण लिहितात, तसं न निवडलेल्या प्रत्येकाचंही, दोन ओळींत. साक्याच्या फाइलवर शेरा पडतो: ‘आणखी एका हंगामाची आकडेवारी आणि झाडनिहाय तोडणीच्या तारखा जोडून पुढच्या वर्षी पुन्हा पाठवावा.’