कोण आहे, आणि कोणाशेजारी?

समुद्राचं पाणी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर सूक्ष्मजीवांच्या पेशींची दाटी दिसते. तेच पाणी पेट्री डिशमध्ये, म्हणजे सूक्ष्मजीवांसाठी खाऊ घातलेल्या चपट्या ताटलीत पसरलं, तर उगवणाऱ्या वसाहती त्यांच्या एक टक्काही भरत नाहीत. १९८५ साली स्टेली आणि कोनोप्का यांनी ही तफावत ठळकपणे मांडली. मग तोवर आपण अभ्यास केला तो कोणाचा? आपण वाढलेलं मुकाट्यानं खाणाऱ्यांचा!

वाट सापडली ती रायबोसोममधून, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रातून. तो प्रत्येक जिवंत पेशीत असतो. जीवाणूंमध्ये त्याचा एक घटक असलेल्या १६एस आरएनए या रेणूची लांबी साधारण दीड हजार अक्षरं. त्यातले काही तुकडे जवळपास सगळ्यांत सारखे, काही गटागटांनुसार बदलणारे. याच रेणूच्या तुलनेतून १९७७ साली कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी आर्किया, म्हणजे जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्याच कुळातले सूक्ष्मजीव, वेगळे काढले. पुढे नॉर्मन पेस यांच्या गटानं ठरवलं, वाढवायच्या भानगडीत पडायचंच नाही. नमुन्यातूनच थेट हा क्रम वाचायचा. १९९० मध्ये सारगासो समुद्रातून असाच एसएआर-११ हा जीवाणूंचा गट हाती आला. प्रयोगशाळेत तो वाढला २००२ साली. बारा वर्षं आपल्याकडे त्याचा क्रम होता, जीव नव्हता.

पण हा क्रम वाचायचा तो या आरएनएच्या जनुकावरून, आणि त्यासाठी डीएनए काढायचा म्हणजे नमुन्यातल्या पेशी फोडायच्या. यादी मिळते, शेजार हरवतो. त्यात मेलेल्यांचा डीएनएही येतो. शिवाय या जनुकाच्या प्रती कोणाकडे एक, कोणाकडे दहाच्या वर. डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर या तंत्राची आवडनिवड वेगळीच. त्यामुळे यादीतले टक्के म्हणजे डोकी मोजली असं समजणं मला धाडसाचं वाटतं.

म्हणून मला ‘फिश’ हे तंत्र जास्त आवडतं. पेशी आहे तिथेच स्थिर करायची आणि वीसेक अक्षरांचा, चमकणारा रंग जोडलेला डीएनएचा तुकडा, म्हणजे प्रोब, आत सोडायचा. तो जुळणाऱ्या आरएनएला चिकटतो. वाढत्या पेशीत हजारो रायबोसोम असतात, म्हणून एकटी पेशीही उजळते. उपाशी पेशी मात्र अंधुकच राहते, आणि गाळ तर स्वतःच चमकतो! कशालाच जुळू नये असा एक प्रोब सोबत चालवल्याशिवाय अशा चित्रावर विश्वास ठेवू नका.

२००० साली अँटजे बोएशियस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यापलीकडच्या समुद्रतळातला गाळ असा पाहिला. तिथं ऑक्सिजनशिवाय मिथेन खर्ची पडतो, हे रसायनशास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होतं; करतं कोण, हा प्रश्न होता. दोन रंगांचे प्रोब सोडल्यावर गोळे दिसले: आत शंभरेक आर्किया, भोवती सल्फेट वापरणाऱ्या जीवाणूंचं कवच. नुसत्या यादीत ही दोन नावं कुठेतरी लांब लांब पडली असती. आता ते एकमेकांना देतात काय, यावर बरीच वर्षं वाद चालला. हायड्रोजन, फॉर्मेट, सगळं सुचवून झालं. २०१५ मध्ये दोन गटांनी पुरावे मांडले, की इलेक्ट्रॉनच थेट पेशीतून पेशीत जात असावेत.